मगरीच्या पोटावरची सही

टिल्लूने स्वतःचा ब्रँड करायचं मनावर घेतलं, तेव्हा ब्रँड हे नेमकं कसलं दुखणं असतं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सर्दी-पडसं असतं तर दोन दिवस वाफ घेऊन उतरलं असतं. हे खूळ डोक्यात शिरलेलं होतं, आणि टिल्लूच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर पडायला दुसरा दरवाजा नव्हता.

टिल्लू ग्राफिक डिझायनर. बरीच वर्षं तो एका साबणाच्या कारखान्यात पाकिटांवरचे बुडबुडे काढत होता. मोठा बुडबुडा, छोटा बुडबुडा, लिंबाच्या वासाचा बुडबुडा. शेवटी बुडबुड्यांना विटून त्याने नोकरी सोडली आणि घरातल्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला. निरोप देताना कारखान्याचे साहेब म्हणाले होते, "खुर्ची ठेवतो हो रिकामी. कधी वाटलं तर या." साहेब बिचारे प्रेमाने बोलले, पण तेव्हापासून ती खुर्ची टिल्लूच्या मानेवर बसली. तिच्यात परत जाऊन बसावं लागू नये, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं.

सुरुवातीला त्याचं बरं चाललं होतं. कुणी सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी सांगे, कुणी शाळेच्या नाटकाचं पोस्टर. तो प्रत्येकाला वेगळं, त्याच्या त्याच्या तोंडवळ्याचं काहीतरी काढून देई. त्याची सख्खी मावशी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "अरे, माझ्या दारात पाऊल ठेवलं की पोरं भोकाड पसरतात. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर काहीतरी काढ ना!" टिल्लूने एका दुपारी तिच्या दवाखान्याच्या बाकासमोर मगर काढली. दोन पायांवर उभी, शेपटी दारात अडकलेली, कपाळावर घाम, आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड गच्च दाबून धरलेलं. शेजारच्या खोलीत मावशीचं यंत्र घुर्रघुर्र करत होतं, त्याने ब्रश थरथरला. टिल्लूने ती थरथर तशीच राहू दिली. पोरं आत यायची, आपल्याहून भित्री मगर पाहून खिदळायची आणि खिदळता खिदळता तोंड उघडायची. मावशीला तेवढंच हवं होतं. मगरीच्या पोटावर टिल्लूने झोकात सही केली होती.

मग त्याच्या आयुष्यात गुरुजी आले. प्रत्यक्ष नव्हे, संगणकाच्या पडद्यावर. काळा बंद गळ्याचा सदरा, मागे एकच कुंडी, आणि खर्जातला आवाज. "तुमचं काम रस्त्याच्या पलीकडून ओळखू आलं पाहिजे. एक रंग, एक अक्षर, एक सूर. जे त्यात बसत नाही, ते कापा." या गुरुजींनी जन्मात काय काढलं होतं, कुणासाठी, आणि ते कुठे लागलं होतं, हा प्रश्न टिल्लूला पडला नाही. गुरुजींनी फक्त गुरुजींची जाहिरात काढली होती, आणि ती रस्त्याच्या पलीकडून ओळखू येत होती, यात मात्र वाद नाही.

टिल्लूने रंग निवडला. त्यासाठी तो इतके दिवस खिडकीशी रंगांच्या पट्ट्या धरून बसला की शेजाऱ्यांना वाटलं, हा घर विकतोय. अखेर राखाडी ठरला. साधा राखाडी नव्हे, 'ओली राख'. भिंती ओल्या राखेच्या झाल्या, पडदे ओल्या राखेचे, सदरे ओल्या राखेचे. अक्षर असं काटकुळं निवडलं की वाचणाऱ्याने आधी चष्मा पुसावा आणि मग नाद सोडावा. आईवडिलांनी हौसेने ठेवलेल्या नावातलं एक अक्षर त्याने शिल्लक ठेवलं आणि त्याच्यापुढे एक टिंब दिलं. ते टिंब कशाचं, असं बायकोने विचारलं.

"शांततेचं," टिल्लू म्हणाला.

बायको पोहायला शिकवायची. दिवसभर तलावाच्या काठावर उभं राहून शिट्टी फुंकणारी बाई, तिच्याकडे शांततेचा तुटवडाच होता. तिचे टॉवेल पिवळे, टोपी पिवळी, पाण्याची बाटली पिवळीधमक. ती बाटली एकदा टिल्लूच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागे दिसली, तर त्याने दिवसभर अबोला धरला. संध्याकाळी बोलला तो एवढंच, की "मागे काय दिसतं हाही ब्रँडच असतो."

"टिल्लू, तू माणूस आहेस की लेटरहेड?" बायकोने विचारलं आणि बाटली उचलून ती आत निघून गेली.

पण दुखणं वाढतच गेलं. गुरुजींच्या पुढच्या पाठात 'ब्रँडचा आवाज' होता: शांत, मोजका, जरासा दूरचा. झालं! फोन वाजला की पूर्वी "बोला बोला, काय सेवा करू?" म्हणणारा टिल्लू आता नुसतं "सांगा." म्हणू लागला. छापखानेवाल्याला वाटलं, याचं आपल्याशी काहीतरी बिनसलंय. त्याने फोन करायचंच सोडलं. मेहुणीच्या वाढदिवसाला टिल्लूने कार्ड पाठवलं, ओल्या राखेवर काटकुळ्या अक्षरात तिचं नाव आणि पुढे टिंब. तिच्या सासूने ते उघडलं आणि धसकून विचारलं, "अगं बाई, कोण गेलं?" हे टिल्लूला कळलं तेव्हा तो दुखावला नाही. सासू आपल्या गिऱ्हाइकांपैकी नव्हे, असं त्याने बायकोला समजावलं.

गिऱ्हाइकांपैकी मात्र एकेक जण पाय काढता घेऊ लागला. कोपऱ्यावरच्या फुलवालीला दुकानासाठी पोस्टर हवं होतं. टिल्लूने तिला राखाडी फुलं काढून दिली, एका कोपऱ्यात, बाकी कागद कोरा. फुलवालीने कागद उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. "अहो, मी ताजी फुलं विकते," ती म्हणाली, आणि नंतर कधी फिरकली नाही. सायकलवालाही गेला, शाळाही गेली. चुकीची गिऱ्हाइकं गळणं ही ब्रँड पक्का होत असल्याची खूण, असं गुरुजींनी सांगून ठेवलेलंच होतं. त्या हिशेबाने टिल्लूचा ब्रँड आता दगडासारखा पक्का झाला होता.

मग त्याने जुनं काम कापायला घेतलं. जे राखाडी नाही, ते सगळं वेबसाइटवरून गेलं, मग संगणकातूनही गेलं. सगळं पुसून झाल्यावर त्याला आठवलं, एक उरलंय. रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन तो मावशीच्या दवाखान्यात गेला.

"मावशी, ती मगर पुसायला हवी."

"का? तिने काय केलं?"

"ती माझ्या ब्रँडमध्ये बसत नाही."

मावशीने तोंडावरचा मास्क खाली ओढला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात बघून बघून तिची नजर अशी झाली होती की समोरच्याला आपली कीड दिसतेय की काय असं वाटावं. "टिल्ल्या, ती माझ्या भिंतीवर आहे. भिंत माझी, पोरं माझी, मगरही माझी. तुला तुझं नाव जड झालं असेल तर तेवढं घेऊन जा."

टिल्लूला हे अपमानाचं वाटायला हवं होतं. त्याला ते सोयीचं वाटलं. त्याने डबा उघडला आणि मगरीच्या पोटावरच्या सहीवर ओली राख फासली. हिरव्यागार पोटावर मुठीएवढा राखाडी डाग उमटला. बाकावर गाल धरून बसलेल्या एका पोराने विचारलं, "काका, तिला काय झालं?" काकांनी उत्तर दिलं नाही, ब्रँड मोजकं बोलायचा.

"आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं नाहीस," तो निघताना मावशीला म्हणाला. "शपथ आहे माझी."

"बरं बाबा. लोक चोरी करूनसुद्धा इतकं लपवत नाहीत," मावशी म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारून आत गेली.

त्यानंतर कामाच्या नावाने शुकशुकाट झाला. साबणाच्या कारखान्यातून साहेबांचा सहज म्हणून फोन आला, "काय, कसं काय? खुर्ची आहे हं अजून." टिल्लूने "सांगा." म्हणून घेतलेला फोन "बघतो" म्हणून ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसला. राखाडी भिंतीकडे बघून कुणाला उभारी येत नसते, त्यालाही आली नाही.

आणि अशात मुलांच्या नव्या ग्रंथालयाचं पत्र आलं. इमारत बांधून तयार होती. पाटीपासून पुस्तकांच्या पिशव्यांपर्यंत आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीपर्यंत सगळं काढायचं होतं. कितीतरी महिन्यांचं काम, आणि सगळा गाव बघेल असं. ग्रंथपालबाई स्वतः डिझायनरांना भेटत होत्या, टिल्लूकडेही येणार होत्या. "हे काम मिळालं ना," टिल्लू बायकोला म्हणाला, आणि म्हणताना त्याचा ब्रँडचा आवाज कुठल्या कुठे गेला, "तर ती खुर्ची सुटली बघ कायमची." बाई यायच्या होत्या त्या दिवशी सकाळी बायकोने घरातले पिवळे टॉवेल, टोपी, बाटली, सगळं गोळा करून पिशवीत भरलं आणि नेहमीपेक्षा आधीच तलावावर निघून गेली. टिल्लूला वाटलं, अखेर हिला ब्रँड पटला.

ग्रंथपालबाई ठेंगण्या, गोल, आणि बोलताना खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या. त्यांनी खोली पाहिली, पडदे पाहिले, टिल्लूचा सदरा पाहिला. जरा वेळ कुठला भाग माणूस आणि कुठला पडदा याचा अंदाज घेतला. मग पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. मगर होती. पोटावरच्या डागासकट.

"ही कुणी काढली, सांगू शकाल?" बाईंनी विचारलं. "डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मला बोलायची बंदी आहे. पण त्या राखाडी खोलीत जाऊन विचारा."

मावशीने घात केला, असं टिल्लूला वाटलं. त्याच क्षणी त्याला गुरुजी आठवले, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. गुरुजी म्हणाले होते, मोठं गिऱ्हाईक आधी तुमची परीक्षा पाहतं. तुमचं जुनं, कच्चं काहीतरी समोर टाकतं आणि तुम्ही डळमळता का बघतं. ही ती परीक्षा. टिल्लू ताठ बसला.

"कुणी हौशी माणूस दिसतोय," तो शांत, मोजक्या, जरा दूरच्या आवाजात म्हणाला.

"हौशी?"

"हे बघा." त्याने पट्टी घेतली. खरोखरच घेतली, आणि फोटोतल्या मगरीच्या तोंडाला लावली. "वरचा जबडा खालच्यापेक्षा लांब आहे. तोंड मिटणारच नाही. रेष थरथरते, म्हणजे हातावर ताबा नाही. रंग तर मोजायलाच नकोत. हा माणूस काय सांगतोय, त्यालाच ठाऊक नाही."

बाई फोटोकडे बघत राहिल्या. "आमच्याकडची मुलं हिच्या गोष्टी रचतात," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे... तुम्ही नाही काढलेली?"

दार सताड उघडं होतं. बाईंनी ते धरूनही ठेवलं होतं. टिल्लूने फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"मी?" टिल्लू म्हणाला आणि कसंनुसं हसला. "माझं काम रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतं."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी फोटो अलगद पिशवीत ठेवला, चहाला नको म्हटलं आणि त्या गेल्या. परीक्षा उत्तम पार पडली म्हणून टिल्लूने खिडकी उघडून मोठा श्वास घेतला, आणि संध्याकाळी बायकोला सगळा प्रसंग रंगवून सांगितला. बायको ओले केस पुसत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"तू सांगितलंस, ती मगर तुझी नाही म्हणून?"

"अगं, परीक्षा होती ती."

"होती खरी," बायको म्हणाली आणि टॉवेल वाळत घालायला गेली.

मावशीचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. "सांगा" म्हणायलाही तिने वेळ दिला नाही. "टिल्ल्या, गाढवा, ती बाई कशाला आली होती ठाऊक आहे? ज्याने मगर काढली त्यालाच सगळं काम द्यायचं म्हणून ती महिनाभर त्याला शोधत होती! मी तुझी शपथही मोडली नाही आणि तिला तुझ्या दारापर्यंतही आणली. याहून जास्त मी काय करू? तुझं तोंडही मीच उघडू?"

टिल्लू होता तसा धावत सुटला. दोन पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला गेल्या, ब्रँडची एकसूत्रता पहिल्यांदा पायाकडून बिघडली. ग्रंथालयात अजून रंगाचा वास होता, पुस्तकांची खोकी भिंतीशी रचलेली होती आणि ग्रंथपालबाई जमिनीवर बसून पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. भोवती चार-दोन मुलं लुडबुडत होती.

"मीच काढली ती," टिल्लू धापा टाकत म्हणाला. "मगर. माझी आहे. थांबा, दाखवतो."

त्याने तिथलाच एक कव्हराचा कागद ओढला, कुणाचा तरी जाड खडू उचलला आणि गुडघ्यावर बसून काढायला लागला. शेपटी, घामाचे थेंब, दाबून धरलेलं तोंड. रेष भिंतीवरच्यासारखीच वेडीवाकडी पळत होती. किती दिवसांनी त्याला मजा आली! मगर कागदावर उभी राहिली तेव्हा एक मुलगी "हीच ती!" म्हणून किंचाळली, आणि टिल्लूही तिच्याबरोबर खदाखदा हसला. हसतच त्याने वर पाहिलं. बाई हसत नव्हत्या.

"तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई बंदी आहे म्हणाल्या, तेव्हाच मला कळलं होतं. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"मग?"

"मग काय? तुमच्याकडून निघाले ती दुसऱ्या एकाकडे गेले. त्याला फोटो दाखवला, तर तो पोट धरून हसला. म्हणाला, असं मला जमत नाही, पण हिच्याकडून शिकतो. काम त्याला दिलं." बाईंनी हातातल्या पुस्तकाचं कव्हर नखाने दाबून बसवलं. "तुम्ही तिचा जबडा मोजलात हो."

टिल्लूने सांगायला सुरुवात केली, गुरुजी, परीक्षा, एक रंग, एक अक्षर. सांगताना त्याला स्वतःलाच ते ऐकवेना. मधेच थांबून तो उठला. मुलांनी त्याची मगर केव्हाच पळवली होती आणि रंगवायला घेतली होती, लाल, निळी, हातात येईल त्या रंगाने.

आता तो परत बुडबुडे काढतो. खुर्ची खरंच रिकामी ठेवली होती, साहेब शब्दाला जागले. राखाडी सदरे तिथे चालून जातात, साबणाच्या कारखान्यात मळ दिसत नाही. गुरुजींचे पाठ त्याने बंद केले, पण गुरुजींचं काही अडलं नाही. त्यांच्या मागची कुंडी तेवढी मोठी झाली आहे.

ग्रंथालय उघडलं. त्याच्या पाटीवर मगर आहे, पिशव्यांवर मगर आहे, जिन्यावर मगरीची शेपटी वरपर्यंत गेली आहे. त्या दुसऱ्याने खरोखर शिकून घेतलं होतं. रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते.

परवा टिल्लू ब्रश घेऊन मावशीकडे गेला. या वेळी डब्यात लाल रंग होता. "मावशी, तो डाग पुसतो आणि सही पुन्हा करतो."

"हात लावशील तर बघ," मावशी म्हणाली. "पोरं म्हणतात, तिने दगड गिळलाय. आईला कळू नये म्हणून ती तोंड दाबून धरते. आधी नुसती घाबरलेली होती, आता तिला कारण मिळालंय. तुझ्या सगळ्या राखाडीत एवढंच कामाला आलं बघ."

टिल्लू डबा मांडीवर घेऊन बाकावर बसला. शेजारी एक बाई लेकीला घेऊन बसली होती. लेक रडण्याच्या बेतात होती. "ती बघ, ती बघ," आई भिंतीकडे बोट दाखवत म्हणाली, "ग्रंथालयातल्यासारखी मगर! यांनी तिथली बघून काढून घेतलेली दिसतेय."

मावशी दारात थांबली. टिल्लूने घसा खाकरला.

"ही मी काढली आहे," तो म्हणाला. मोजकं नाही, दूरचं नाही, अगदी घरच्या आवाजात.

"हो का?" बाई कौतुकाने म्हणाली. "छान जमलीय हं. अगदी तिच्यासारखी."